दोन घरांचे गवत

मूर्तिजापूरला मोठ्या गाडीतून उतरून आम्ही कारंज्याच्या छोट्या गाडीपाशी आलो, तेव्हा माई डब्याकडे बघतच राहिल्या. "ही खरंच जाते, की मुलांना बसवायला ठेवली आहे?" असे त्यांनी हमालाला विचारले. हमाल हसला नाही. "जाते ना माय, पण तिच्या मर्जीनं जाते," म्हणाला आणि आमची ट्रंक त्याने आत सरकवून दिली.

माई म्हणजे माझ्या सासूबाई. वय साठीच्या पुढचे, अंगकाठी बारीक, आवाज मात्र खणखणीत. नागपूरहून त्या माझ्याबरोबर निघाल्या त्याची कारणे दोन. एक, बाईमाणसाने खेड्यापाड्यांत एकटीने हिंडू नये, हे त्यांचे मत. आणि दुसरे, कारंज्याच्या गुरुमंदिराचे दर्शन पुष्कळ वर्षे राहून गेलेले. यांना कोर्टाची कामे होती, त्यामुळे ते येऊ शकत नव्हते. "मी जाते हिच्याबरोबर. गवत काय, पुरुषांनाच उपटता येतं का?" असे म्हणून माईंनी तो विषय संपवला.

प्रवासाचे निमित्त सांगितले, की लोकांना हसू येते. मागच्या वर्षी यांच्या चुलतभावाने, वसंतरावांनी, मंगरूळपीरहून सीताफळांची टोपली पाठवली होती. ते तिथे तहसील कचेरीत असतात. घरातली सगळी मंडळी सीताफळांवर तुटून पडली आणि मी टोपलीतल्या गवतावर. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि गवते हा माझा विषय. टोपलीतले गवत दिसायला मारवेल या चाऱ्याच्या गवतासारखेच होते. पेरांभोवती पांढऱ्या केसांचे कडे आणि शेंड्याला बोटांसारखी जांभळट कणसे. पण भिंगाखाली धरले तेव्हा कणसातल्या काही तुसांवर टाचणी टोचल्यासारखा बारीक खळगा दिसला. मारवेलला असा खळगा नसतो. तो असतो तिच्याच नात्यातल्या, माळावर वाढणाऱ्या एका दुसऱ्या गवताला. त्याला मी आपली खळगीचे गवत म्हणते. इथे मात्र एकाच काडीवर एक तूस खळगीचे, तर शेजारचे साफ.

मला वाटले, हे त्या दोघांच्या संकरातून झालेले असावे. आमच्या विभागप्रमुखांनी काडी पाहून सांगितले, "कीड लागली असेल." त्यांचे म्हणणे खोटे ठरवायचे, तर वाळलेली काडी उपयोगाची नव्हती. प्रत्येक झाडाच्या पेशीत दोऱ्यांसारखी बारीक गुणसूत्रे असतात. कणसात पराग तयार होऊ लागले, की ती दोन-दोन करून एकमेकांपाशी येतात. झाड एका जातीचे असेल, तर जोड्या बिनबोभाट जुळतात. दोन जातींचे असेल, तर काही सूत्रे आपला जोडीदार ओळखत नाहीत आणि बाजूला एकटीच राहतात. हे पाहायचे, तर जिवंत गवताच्या कोवळ्या कळ्या हव्यात. त्याही सकाळच्या उन्हात खुडून लगेच औषधात बुडवलेल्या. म्हणून दसरा उलटल्यावर, दिवाळीच्या आधीच्या सुट्टीत, मी आणि माई वऱ्हाडात निघालो होतो.

छोटी गाडी मर्जीने का होईना, गेली. दोन्ही बाजूंना ज्वारी कणसात आली होती आणि कपाशीची पहिली बोंडे फुटून झाडांवर पांढरे ठिपके दिसू लागले होते. एका ठिकाणी गाडी रुळांवरून म्हशी जाईपर्यंत थांबली. तेवढ्यात माईंनी खाली उतरून पाय मोकळे केले आणि गार्डाने "आजी, चला आता," म्हटल्यावर त्या शांतपणे परत चढल्या. कारंज्याला मंदिराच्या धर्मशाळेत उतरलो. सकाळच्या आरतीला माईंचा चेहरा इतका निवलेला दिसला, की पुढे गवत मिळाले नाही, तरी ही खेप फुकट जाणार नाही, असे मला वाटून गेले.

मंगरूळपीरची मोटार लढाईमुळे पेट्रोलऐवजी कोळशाच्या गॅसवर चालत होती. मागे बंबासारखी एक भट्टी लावलेली. चढ आला, की ड्रायव्हर खाली उतरून तिच्यात सळई घालायचा आणि उतारू रस्त्याकडेला उभे राहायचे. अशाच एका धक्क्यात माझ्या पिशवीतल्या बाटलीचे बूच सैल झाले. बाटलीत कळ्या बुडवण्याचे औषध होते, म्हणजे स्पिरिट आणि शिरक्याचे जहाल आम्ल. मोटारभर वास सुटला. लोक एकमेकांकडे, मग माईंनी मांडीवर घेतलेल्या माझ्या पिशवीकडे पाहू लागले. नऊवारी अलवणातली विधवा बाई, हातात जपमाळ आणि पिशवीतून दारूचा भपकारा!

समोरच्या बाकावर मेंदी लावलेल्या दाढीचे, जाडजूड गृहस्थ बसले होते. ते अदबीने म्हणाले, "माताजी, राग नका मानू, पण तुमच्या पिशवीतून वास येऊन राह्यला. काय हाय त्याच्यात?"

"औषध आहे," माई म्हणाल्या.

"कोनाले?"

"गवताला."

सगळी मोटार हसली. माईसुद्धा हसल्या. मी बूच घट्ट बसवले आणि त्या गृहस्थांना सगळी हकीकत सांगितली. सीताफळांच्या टोपलीचे नाव निघताच ते पुढे सरकून बसले. "थे गवत तं आमच्याच गंजीतलं! वसंतराव साहेब दर साली माझ्याकडूनच नेतात." त्यांचे नाव करीमभाई. आसेगावजवळच्या रमन्याच्या (गवतासाठी राखलेल्या कुरणाच्या) कापणीचा ठेका त्यांच्याकडे होता. गवत दाबून, गठ्ठे बांधून ते फौजेच्या खेचरांसाठी रवाना व्हायचे.

"मग आम्ही तिथेच जाणार," मी म्हणाले.

करीमभाईंनी दाढीवरून हात फिरवला. "जा ना, पण लवकर जा. कापणी लागली हाय. उद्या कापून होते, परवा लॉरी येते. अन् पुढच्या साली तर रमनाच राहत नाही. सरकार नांगरून ज्वारी पेरायले देऊन राह्यलं, असं ऐकतो."

हसणे माझ्या तोंडावरच विरले. गवत दरवर्षी उगवते, यंदा नाही तर पुढच्या वर्षी, अशी माझ्या मनात एक स्वस्थता होती. ती गेली.

मंगरूळपीरला पोचलो तेव्हा दर्ग्याच्या घुमटावर तिरपे ऊन आले होते आणि बाजारात फुले आणि ऊद विकणाऱ्यांची दुकाने भरात होती. वसंतरावांच्या घरी ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी असा बेत होता. माईंनी अंबाडी पहिल्यांदा खाल्ली, तोंड वाकडे केले आणि मग दोनदा मागून घेतली. वसंतरावांनी दुसऱ्या दिवसासाठी नामदेव नावाच्या गाडीवानाची दमनी (बसायची हलकी बैलगाडी) ठरवून दिली. "वहिनी, एवढ्यासाठी नागपूरहून आलात?" असे ते पुन्हा पुन्हा विचारत होते. माईंनी मला उत्तर देऊच दिले नाही. "तुझ्या सीताफळांनी केलंय हे सगळं," असे त्यांनी त्यांनाच सुनावले.

सकाळी दव असतानाच निघालो. आसेगाव मागे टाकले आणि गाडीवाट एका लांबट टेकाडाच्या कडेने जाऊ लागली. खाली नाल्यापर्यंत काळीभोर जमीन, वर मुरमाड माळ आणि मधोमध आमची वाट. खालचा भाग जवळजवळ कापून झाला होता. पंधरा-वीस बाया ओळीने विळे चालवत होत्या आणि मागे पेंढ्या पडत होत्या. हिरव्या गवताचा तो गोडसर वास अजून माझ्या नाकात आहे.

मी आधी खाली धावले. उरलेल्या पट्ट्यात बसून एकेक काडी भिंगाखाली घेतली. सगळी शुद्ध मारवेल, खळग्याचा मागमूस नाही. मग वर माळावर गेले. तिथे सगळीच तुसे टोचलेली. तेही शुद्धच. दोन्ही गवते आपापल्या जमिनीवर सुखाने नांदत होती आणि मला हवे ते कुठेच नव्हते. ऊन चढू लागले. कळ्या खुडायची वेळ हातातून जात होती आणि विभागप्रमुखांचे "कीड लागली असेल" हे शब्द मला ऐकू येऊ लागले.

कापणाऱ्यांची मुकादमीण गोदाबाई नावाची उंचनिंच बाई होती. ती कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत होती. "काहून वं बाई, गवताले एवढं काय पाहून राह्यल्या? काही हरपलं काय?"

"हरवलंच म्हणायचं," मी म्हणाले. तेवढ्यात मला एक विचार सुचला. "बाई, मागच्या साली कापणी कुठून सुरू केली होती?"

"मांगच्या साली? वाटेच्या कडेनं. पाऊस होता ना, खाली चिखल होता. म्हून अगोदर वाटेवरचं कापलं."

वसंतरावांची सीताफळे हंगामाच्या सुरुवातीला आली होती. म्हणजे टोपलीतले गवत पहिल्या कापणीचे असणार, वाटेच्या कडेचे. मी पदर खोचला आणि वाटेकडे धावले. गाडीवाटेच्या दोन्ही अंगांना, चाकोऱ्यांनी उकरलेल्या मातीत, माती आणि मुरूम एकमेकांत मिसळले होते. तिथे गवताची एक अरुंद पट्टी उभी होती. पहिली काडी धरली आणि भिंग लावले. एक तूस साफ, एक टोचलेले, पुन्हा दोन साफ. दुसरी काडी, तिसरी काडी, सगळ्या तशाच! मी इतक्या मोठ्याने ओरडले, की नामदेवाचे बैल दचकले.

पण गोदाबाईची ओळही आता वरच वळली होती. खालचे काम संपले होते आणि पुढचा नंबर याच पट्टीचा होता. मी तिला विनवले. ती वाईट बाई नव्हती, पण म्हणाली, "आमी काय करावं? ठेकेदार आला अन् पट्टी उभी दिसली, तं आमाले बोलन."

"किती वेळ लागेल तुला?" माईंनी मला विचारले.

"ऊन डोक्यावर येईपर्यंत तरी. कळ्या वेचाव्या लागतील. मग ठोंब खणायचे."

माईंनी पिशवीतून दशम्यांचा डबा काढला आणि त्या वाटेच्या कडेला, नेमक्या विळ्यांच्या समोर, गवतात ऐसपैस बसल्या. "मला भूक लागली आहे," असे त्यांनी गोदाबाईला सांगितले. "म्हाताऱ्या माणसाला जेवताना उठवू नये. तुम्हीही टेका घडीभर."

बायांनी एकमेकींकडे पाहिले आणि टेकल्या. माईंनी दशमीचा एक एक घास इतका चावून खाल्ला, की घरी त्या तसे करत्या, तर आमचा स्वयंपाक संध्याकाळपर्यंत आवरला नसता. मधे त्या गोदाबाईच्या सुनांची चौकशी करत होत्या, कोणाला काय झाले, कोणाचे माहेर कुठले. मग त्यांनी कारंज्याच्या महाराजांची एक गोष्ट सुरू केली. ती आमच्या घरी फार लवकर संपते. त्या दिवशी मात्र तिला नवेनवे फाटे फुटत गेले. मी गुडघ्यांवर सरकत कोवळी कणसे खुडून बाटलीत टाकत होते आणि हसू आवरत होते.

करीमभाई सायकलवरून आले, तेव्हा बाया बसलेल्या, विळे बाजूला पडलेले आणि माई सांगत असलेली गोष्ट अगदी रंगात आलेली होती.

"हे काय चालू हाय?" त्यांचा आवाज चढला. "लॉरी काय माझ्यासाठी थांबन?"

"मी जेवते आहे," माई म्हणाल्या.

"सकाळपासून?"

बाया पदर तोंडाला लावून हसू लागल्या. करीमभाई मात्र हसले नाहीत. फौजेचे काम होते, ठेका त्यांच्या नावावर होता आणि गठ्ठे कमी पडले, तर बोल त्यांनाच लागणार होता, हे त्यांनी मला स्पष्ट सांगितले. त्यात चूक काहीच नव्हती. मी उठले आणि एक काडी व भिंग त्यांच्या हातात दिले. वाद घालण्यापेक्षा ते बरे, असे वाटले.

ते एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिले. "सुईनं टोचल्यावाणी दिसते."

"आणि शेजारचं?"

"थे साफ हाय."

"खालच्या काळ्या जमिनीतलं सगळं साफ. माळावरचं सगळं टोचलेलं. हे दोघांचं आहे. तुमच्या गाड्यांनी वाट पाडली, माती उकरली गेली, तिथे दोघांना जागा मिळाली."

"म्हनजे दोन घरांचं." करीमभाईंनी काडी बोटांत फिरवली. "अन् माझ्या गाड्यांनी केलं म्हनता?"

"तुमच्या, तुमच्या वडिलांच्या, सगळ्यांच्या."

ते मागे वळून त्या वाटेकडे असे पाहू लागले, की जणू ती त्यांना आजच दिसली. मग गोदाबाईला म्हणाले, "जा, अगोदर माळावरचं कापून घ्या. हे शेवटी." आणि माईंना म्हणाले, "माताजी, तुमची गोष्ट झाली असन, तं आता खरंच जेवून घ्या."

गोष्ट झाली नव्हती. माईंनी ती वर माळावर जाणाऱ्या बायांना मागून ओरडून पूर्ण करून सांगितली.

दुपारपर्यंत बाटली भरली. नामदेवाने कुदळीने पाच ठोंब मुळांसकट खणून दिले. ते ओल्या गोणपाटात गुंडाळून मी गाडीच्या मागच्या बाजूला ठेवले आणि आम्ही नाल्यावर हातपाय धुवायला गेलो. परत आलो, तेव्हा सोडलेले दोन्ही बैल गाडीमागे उभे होते. गोणपाट उलगडलेले होते आणि डावीकडचा पांढरा बैल माझे संशोधन शांतपणे चघळत होता.

मी धावत जाऊन उरलेले ओढून घेतले. पाचांपैकी तीन ठोंब गेले होते. नामदेव ओशाळून बैलाला शिव्या घालू लागला. "अन् थो तांबडा पाहा बाई, त्यानं तोंडच नाई लावलं."

खरेच. उजवीकडच्या तांबड्या बैलाने एक ठोंब हुंगून बाजूला टाकला होता. मारवेल गुरांना फार आवडते. खळगीच्या गवताला एक उग्र वास असतो, म्हणून पुष्कळ गुरे ते टाळतात. "म्हणजे बैलांचंही एकमत झालेलं नाही," मी म्हणाले. रडू यायच्या ऐवजी मला हसू फुटले आणि माईही हसल्या. बिचाऱ्या नामदेवाला आम्ही दोघी का हसतो, हे कळले नाही. मंगरूळपीर येईपर्यंत तो सगळा रस्ता पांढऱ्या बैलाला समजावत होता.

उरलेले दोन ठोंब माईंनी परतीच्या सगळ्या वाटेवर मांडीवर घेतले. मोटारीत, छोट्या गाडीत, मोठ्या गाडीत. मूर्तिजापूरच्या फलाटावर एका बाईने ही कसली रोपे, असे विचारले, तेव्हा माई म्हणाल्या, "आसेगावची," आणि पुढे काही सांगितले नाही.

कॉलेजात आल्यावर कळ्या रंगात घालून काचेवर दाबल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. पहिल्या दिवशी काही धड दिसले नाही. दुसऱ्या दिवशी एका पेशीत सगळे चित्र स्वच्छ उमटले. बरीच सूत्रे जोडीने मधोमध आलेली आणि काही कडेला एकटी, कुणाशीच न जुळलेली. मी विभागप्रमुखांना बोलावले. ते वाकून पाहत राहिले. उठले, चष्मा पुसला आणि पुन्हा वाकले. कीड हा शब्द त्यांनी काढला नाही. "आणखी पेशी दाखवा," एवढेच म्हणाले आणि खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले.

माईंनाही मी एक दिवस प्रयोगशाळेत नेले. त्यांनी डोळा लावला. "काड्यापेटी सांडल्यासारखं दिसतंय."

"त्या जोड्या बघा. एक काडी मारवेलची, एक माळावरच्या गवताची. आणि कडेच्या ज्या एकट्या आहेत, त्यांना जोडीदार सापडला नाही."

त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मला वाटले, कंटाळल्या असतील. मग त्या म्हणाल्या, "पहिल्याच पिढीत सगळ्यांचं कसं जमेल?"

पुढच्या पावसाळ्यात तो रमना खरेच नांगरला गेला. तिथे ज्वारी उत्तम आली, असे वसंतराव म्हणाले आणि त्या दिवसांत ज्वारीची गरज किती होती, हे मलाही ठाऊक होते, त्यामुळे हळहळायला फारसे तोंड नव्हते. वाट मात्र तिथेच आहे म्हणे, गाड्या चालतात. कोणत्या तरी चाकोरीच्या कडेला एखादे ठोंब उभे असेलही. कुणी मुद्दाम लावले नव्हते, कुणी राखले नव्हते. लोक आपापल्या कामाला जात-येत राहिले आणि त्या येण्याजाण्यातच दोन घरांची गाठ पडली.

माझे दोन ठोंब कॉलेजच्या आवारात जोमाने वाढले. कणसे भरपूर आली, पण चुरडून पाहिली, तर तुसे पोकळ. मूठ मूठ चुरडत गेले, तेव्हा कुठे तीन दाणे भरलेले सापडले. ते कुंडीत पेरले. तिन्ही उगवले. एकाचा कल मारवेलकडे आहे, दुसऱ्याची तुसे सगळी टोचलेली. तिसरे कोणासारखेच नाही. त्याला काय म्हणावे, हे मी अजून ठरवलेले नाही. पाणी मात्र रोज घालते.